विचारलंत का कधी?

पुण्यात साठी ओलांडलेला माणूस भेटला की तो टेल्कोतून (म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून) निवृत्त झालेला असतो, नाहीतर बजाजमधून, नाहीतर किर्लोस्करमधून. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली १९४६ साली. तेव्हापासून इतक्या पिढ्यांनी या शहरात इंजिनांवर पोट भरलंय, की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत संध्याकाळी पाच वाजता ज्येष्ठांच्या बाकावर बसलेलं ज्ञान एकत्र केलं तर एक छोटी रेल्वे चालेल. हे मला ठाऊक होतं. तरी मी माझं इंजिन त्या बाकापासून बारा फुटांवर उघडलं.

गाडी म्हणजे २००१ची होंडा सिटी, व्हीटेकवाली. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर. हा आकडा ऐकून भाचा हसतो. हसू दे बापडा. मारुती ८००च्या ३७ घोड्यांवर अख्खं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन यायचं, त्या दिवसांत १०६ म्हणजे पागाच. मी तिचा चौथा मालक. आधीच्या तिघांनी तिला पळवली भरपूर आणि ऑइल बदललं मनात आलं तेव्हा. परिणामी माझ्याकडे आली तेव्हा ती सहाशे किलोमीटरला एक लिटर ऑइल पीत होती आणि मागून निळा धूर सोडत होती. नळस्टॉपच्या सिग्नलला माझ्यामागे स्कूटरवर एक मुलगी होती. डोळे सोडून सगळा चेहरा आधीच गुंडाळलेला. मी गिअर टाकला तसा तिने स्कार्फचा आणखी एक वेढा घेतला.

मिस्त्री म्हणाला, "रिंगा गेल्यात साहेब. हाफ इंजिन करावं लागेल." (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी; ती झिजली की ऑइल वर चढून जळतं.) वर आकडा सांगितला. तो ऐकून मला वाटलं, आपणच का करू नये? माणसाचं वाटोळं करणारी जी थोडी वाक्यं आहेत, त्यांत हे वरच्या नंबरला. अप्पा बळवंत चौकातून वर्कशॉप मॅन्युअलची झेरॉक्स स्पायरल करून आणली. बायको म्हणाली, "पाहुण्यांना काय सांगू, काय चाललंय खाली म्हणून?"

पहिलाच बोल्ट आडवा आला. क्रँक म्हणजे पिस्टनांनी फिरणारा खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडमिट करणारा वरचा दांडा, आणि दोघांना एका तालात बांधणारा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो काढायचा तर क्रँकची पुली काढावी लागते, आणि ती धरून ठेवणारा मधला जाडजूड बोल्ट ढिम्म हलेना. गल्लीतल्या गॅरेजमधला पोरगा बघायला आला होता. "सोप्पंय काका. लांब दांडीचा पाना लावा, दांडी चासीला टेकवा आणि हळूच सेल्फ मारा. इंजिनच बोल्ट सोडवून देतं." त्याने शेकडो गाड्यांवर हे केलेलं. मी सेल्फ मारला. खाडकन आवाज झाला. बोल्ट होता तिथेच, उलट आणखी घट्ट.

"गंजलाय," पोरगा म्हणाला.

"गंजलाय," मी म्हणालो.

बाकावर तिसऱ्या मजल्यावरचे नाना होते. टेल्को, इंजिन टेस्टिंग, चौतीस वर्षं. त्यांनी वर्तमानपत्र दोन बोटं खाली घेतलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर नेलं. मला वाटलं, आवाजाने दचकले असतील.

शेवटी प्लंबरकडून दोन मीटरचा जीआय पाइप आणून पान्याच्या दांडीवर चढवला आणि त्याला लोंबकळलो, तेव्हा तो बोल्ट सुटला.

पुढचं काम त्या मानाने बरं झालं. ब्लॉक आणि हेड भोसरीला पाठवले. हेडचं फेसिंग झालं, व्हॉल्व्ह ग्राइंड झाले, सिलिंडरला होनिंग झालं. बोअर मापात निघाला, त्यामुळे पिस्टन वाचले. रिंगांसाठी नाना पेठेत गेलो. तिथल्या काउंटरवर वस्तू मिळण्याआधी तोंडी परीक्षा होते.

"सिटीच्या रिंगा."

"स्टँडर्ड का ओव्हरसाइज?"

"स्टँडर्ड."

"मोजलंय, का कुणी सांगितलंय?"

"मोजलंय. पंच्याहत्तर."

काउंटरवाल्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मिलिमीटरच ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, "मंगळवारी या."

रिंगा बसवण्याची संध्याकाळ मात्र मी कुणाला देणार नाही. रिंग सिलिंडरमध्ये टाकायची, उलट्या पिस्टनने अलगद आत ढकलून सरळ करायची, मग तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजचं पान घालून बघायचं. पंचविसाचं पान सुळकन गेलं, तिसाचं अडलं. म्हणजे फट पाव मिलिमीटरची, मॅन्युअलच्या मर्यादेत. मग दुसरी रिंग, मग दुसरा सिलिंडर. ट्यूबलाइटवर पाकोळ्या, हाताला ऑइलचा वास, वरून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. ऑफिसात वीस वर्षं काम करून एखादी गोष्ट मापात असल्याची अशी खात्री मला एकदाही मिळाली नव्हती.

त्या खात्रीनेच घात केला.

टायमिंग बेल्ट चढवताना एक सापळा असतो, तो मला वाचून माहीत होता. क्रँकच्या पुलीवर दोन जातीच्या खुणा असतात. तीन खुणांच्या घोळक्यातली लाल खूण इग्निशनची, एकटी उभी असलेली पांढरी टीडीसीची, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतानाची. लोक लाल खुणेवर बेल्ट चढवतात आणि मग महिनाभर रडतात. मी बरोबर पांढरी धरली. कॅमच्या पुलीवरची 'अप' ही अक्षरं आकाशाकडे केली, बेल्ट चढवला. आता राहिला ताण. टेन्शनरचा बोल्ट सैल करायचा, क्रँक थोडा फिरवायचा, की स्प्रिंग बेल्टची ढिलाई खेचून घेते, मग बोल्ट घट्ट करायचा. मी क्रँक फिरवला. कसा? कसा म्हणजे, घड्याळ फिरतं तसा. आरती तशीच ओवाळतात, प्रदक्षिणा तशीच घालतात. मॅन्युअलच्या त्या पानावर एक बाण होता, पण त्यावर माझ्याच अंगठ्याचा ऑइलचा ठसा उमटला होता.

बाकावर नाना खोकले.

रविवारी सकाळी दहाला सेल्फ मारला. फाट्! एअर फिल्टरच्या पाइपातून असा बार निघाला की वॉचमन खुर्चीतून उठून गेटबाहेर बघायला गेला. प्लगच्या वायरी मी एक-दोन-तीन-चार अशा शिस्तीत लावल्या होत्या, आणि इंजिनाची शिस्त एक-तीन-चार-दोन. ते तासाभरात सुधारलं. इंजिन सुरू झालं. टाळ्या झाल्या. पाचव्या मिनिटाला थांबल्या, कारण गाडी आयडलवर मलेरिया झाल्यासारखी थडथडत होती आणि पार्किंगचा उतार चढताना तिने मला खाली उतरायला लावलं.

पुढचे तीन आठवडे रोगी एक आणि वैद्य बावीस. कुणी म्हणे पेट्रोलमधलं इथेनॉल, कुणी म्हणे सेन्सर, कुणी म्हणे इंजेक्टर. सेक्रेटरी म्हणाले वास्तू, पण ते बहुधा चेष्टेने. मी प्लग बदलले, वायरी बदलल्या, डिस्ट्रिब्यूटरची कॅप बदलली, पेट्रोल फिल्टर बदलला. व्हॉल्व्हची क्लिअरन्स दोनदा मोजली. बेल्टच्या खुणा तर तीनदा तपासल्या. डावं पुढचं चाक काढायचं, पाना घालायचा, क्रँक फिरवायचा. तिन्ही वेळा पांढरी खूण पांढऱ्या खुणेच्या जागी आणि 'अप' वर. काही नाहीच चूक! सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: 'पार्किंगचा वापर फक्त पार्किंगसाठी करावा.' खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'चालतच नाही, म्हणजे पार्कच आहे.' हस्ताक्षर मला ओळखीचं वाटलं, पण घरात भांडण नको.

मग उसना गेज आणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, काढलं. हवं होतं १८० पीएसआयच्या आसपास. मिळालं १३०, १२५, १३०, १३०. एक सिलिंडर कमी असता तर समजलो असतो, की रिंग उलटी बसली किंवा व्हॉल्व्ह जळला. इथे चारही भाऊ एकमताने कमी. चौघं एकच तक्रार करतात तेव्हा चूक चौघांच्या वर बसलेल्याची असते, एवढं एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे मला कळतं. चौघांच्या वर कॅम. पण कॅम तर तीनदा तपासलेला.

कागद घेऊन बारा फूट चाललो. नानांनी चष्मा लावला, आकडे वाचले.

"कॅम मागे आहे. बेल्ट."

"तीनदा तपासलंय नाना."

"कसं फिरवून?"

मी हवेत हात फिरवून दाखवला. नानांनी माझं मनगट धरलं आणि उलट दिशेने फिरवलं. "हे होंडाचं इंजिन डावीकडे फिरतं."

मी बराच वेळ मनगटाकडे बघत राहिलो. सगळं त्यात होतं. मी क्रँक उलटा फिरवून ताण दिला, म्हणून सगळी ढिलाई भलत्या बाजूला साठली. इंजिन आपल्या दिशेने फिरलं की आधी ती ढिलाई गिळायचं, मग कॅम हलायचा, जवळजवळ एक दात उशिरा. व्हॉल्व्ह उशिरा मिटायचे, हवा परत जायची, कॉम्प्रेशन पडायचं. आणि मी तपासतानाही उलटाच फिरवत होतो, म्हणून खुणा दर वेळी जुळायच्या. आणि तो बोल्ट! इंजिन डावीकडे फिरणारं असेल तर सेल्फ मारून बोल्ट सुटत नाही, तो आवळला जातो.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तो पोरगा सेल्फ मारून बोल्ट घट्ट करत होता ना, त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंत का कधी?" नाना म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

टेन्शनर सैल, क्रँक डावीकडे कॅमच्या पुलीचे तीन दात, टेन्शनर घट्ट. चाळीस मिनिटं, हात धुण्यासकट. आयडल असा बसला की बोनेटवर ठेवलेल्या चहावरची साय हलली नाही.

नव्या रिंगांना रनिंग-इन लागतं. नानांनी सांगितलं, हजार किलोमीटर तीन हजार आरपीएमच्या वर जायचं नाही. (या वेळी मी विचारलं होतं.) कर्वे रोडला ते पाळायला काही कष्ट पडत नाहीत. तीन हजारांपर्यंत पोचेस्तोवर पुढचा रिक्षावाला थांबलेला असतो. दोन महिने गेले.

हजार झाल्यावर एका पहाटे साडेपाचला नानांना शेजारी बसवून बायपासला आलो. वारज्याच्या पुढे रस्ता मोकळा. व्हीटेकची गंमत अशी, की प्रत्येक सिलिंडरवर इनटेकचे तीन रॉकर असतात. कडेचे दोघं रोजचं काम करतात, मधला नुसताच डुलत असतो. आरपीएम वर गेले की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, तिघं जखडले जातात आणि मधल्या उंच कॅमच्या तालावर नाचू लागतात. दुसरा गिअर. चार हजार. साडेचार. पाच हजारांच्या पुढे कुठेतरी आवाज बदलला, घशातून निघणारा तो छातीतून यायला लागला आणि गाडीने पाठीत मूठ मारली. मी ओरडलोच. कात्रजच्या बोगद्याचे दिवे दिसेपर्यंत ओरडत होतो.

बोगदा ओलांडला, पाय काढला. गाडी उतारावर शांत धावत होती. नानांनी मान किंचित डावीकडे कलती केली. डोळे बारीक केले. डॅशबोर्डच्या पलीकडे काहीतरी ऐकू आल्यासारखे ते दोन-तीन सेकंद थांबले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मी रेडिओ लावला.