बदली रक्तदात्याची पळापळ

मे महिन्यात उन्हामुळं रक्तपेढ्यांत रक्ताचा तुटवडा पडतो म्हणतात, ते खरंच आहे. पण आमच्या सोलापुरात त्याला फक्त ऊन कारणीभूत नाही ओ. शिबिरं सगळी जयंती नाहीतर वाढदिवसाला. एकाच दिवशी पिशव्यांचा ढीग लागतो. साधी पिशवी टिकते ३५ दिवस, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. मग पुढं काय?

बहिणीच्या बाळंतपणात रात्री दोनला आम्हाला ‘बदली दाता आणा’ म्हणून सांगितलं, म्हणजे घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा माणूस. भाऊजी चादरीच्या कारखान्यातल्या पोरांना फोन लावत बसले. दोघं आले बिचारे, कामाची पाळी सोडून. त्यातल्या एकाच्या बोटाचा थेंब त्या निळ्या पाण्यात टाकला तर तो खाली जाईचना, वरच तरंगत राहिला. हिमोग्लोबिन कमी! साडेबारा तरी लागतं. स्वतःला धडधाकट समजणारा गडी, तोंड एवढंसं झालं त्याचं.

तेव्हापासून रक्त द्यायला मी कुणाच्या वाढदिवसाची वाट बघत नाही. पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी देता येतं. वजन ४५ किलोच्या वर असलं की ३५० मिली घेतात. दहा मिनिटांचं काम, वर बिस्किट नि चहा. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांच्या आईबापांनी दर वेळी कुणाकुणाला फोन करायचे?

आणि मंडळवाल्यांनो, हेल्मेट-बॅगांची आमिषं बंद करा राव. बॅगेसाठी आलेला माणूस आजार लपवतो. त्यापेक्षा जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर एक, मेमध्ये संध्याकाळी एक, अशी शिबिरं वाटून घ्या.