आमचा शेरू
कुत्रा गेल्यावर त्याचा पट्टा खुंटीवरून काढवत नाही, असं तुम्ही लेखात लिहिलंय. तिथेच थांबले. आमचाही खुंटीवरच आहे. शेरू मुधोळ जातीचा. मुधोळ गाव तसं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, पण आमच्या जत भागात या कुत्र्यांना कारवानच म्हणतात. 2005 साली पोस्टाने या जातीचं तिकीट काढलं, तेव्हा बाबांनी ते कौतुकाने शेरूच्या नाकासमोर धरलं. त्याने हुंगलं आणि सरळ चाटून टाकलं! पाय लांबलचक, पोट पाठीला लागलेलं, पाहुणे हमखास विचारायचे, "याला खायला घालता की नाही?" आई जाम चिडायची. रोज दोन ज्वारीच्या भाकऱ्या ताकात कुस्करून खायचा, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी जात. ससा दिसला की सुटलाच. घरात मात्र पाल दिसली तरी आईच्या मागे.

गोचीड तापाने गेला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, आम्हाला वाटलं उन्हाने मलूल झालाय. डॉक्टरांकडे न्यायला दोन दिवस उशीर केला, ती चूक आमचीच.

बाबा अजून भाकरीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवतात. आई काही न बोलता तो उचलते आणि कावळ्यांना घालते.