किल्लारी आमच्या इंग्रजीत कधी आलंच नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. घरं पडली, भिंतींना भेगा गेल्या, आमच्या गल्लीतली माणसं वाचली. त्याच जूनमध्ये आम्हाला इंग्रजी सुरू झालं होतं, कारण तेव्हा ते पाचवीपासून असायचं. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा भरली आणि इंग्रजीचा तास जिथं थांबला होता तिथूनच पुढं सुरू झाला. त्यानंतर एम.ए. होईपर्यंत तेरा वर्षं मी इंग्रजी शिकले. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला, आवडत्या छंदावर दहा ओळी लिहिल्या, न पाहिलेल्या फुलांवरच्या कवितांची रसग्रहणं लिहिली. भूकंपाबद्दल इंग्रजीत एक वाक्य बोल, असं मला कधी कुणी म्हटलं नाही.

गेली अकरा वर्षं मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात बाहेरदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना अकॅडमिक इंग्रजी शिकवते. म्हणजे दुकानात, बसमध्ये बोलायचं इंग्रजी नव्हे. एखादी गोष्ट मांडायची, तिला आधार द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या नावानं सांगायचं आणि आपली खात्री किती आहे तेही त्याच वाक्यात दाखवायचं, असं इंग्रजी. निबंधाला, प्रबंधाला, चर्चासत्राला ते लागतं. आमच्याकडं हे शिकवायची एक रीत आता चांगली रुळली आहे: विद्यार्थ्यांनी तीन-चार जणांच्या गटात चालू घडामोडींवर स्वतः पॉडकास्ट करायचं. एक बातमी निवडायची, तिच्यावरचे दोन-तीन वेगवेगळे मजकूर वाचायचे, सहा-सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायचं. बाकीच्या वर्गानं ते ऐकून प्रश्न विचारायचे, आणि त्या प्रश्नांनंतर तेच पुन्हा मुद्रित करायचं.

२०२५ च्या जूनमध्ये मी असल्याच ध्वनिफिती ऐकत बसलेली असताना घरच्या ग्रुपवर पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, १७ जूनला त्यात बदल झाला, २९ जूनला तो मागं घेतला गेला. काका हिंदीच्या विरोधात, मामा मराठी शाळांच्या काळजीत, चुलतबहिणीचा प्रश्न एवढाच की मुलाला सेमी-इंग्रजीत घालू की पूर्ण इंग्रजीत. मीही मत दिलं. पहिलीतल्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये असंच माझंही म्हणणं होतं आणि आहे. पण ते लिहिताना एक गोष्ट टोचत राहिली. आपला सगळा वाद 'कोणत्या इयत्तेपासून' एवढ्याशीच येऊन थांबतो. त्या भाषेत पोरानं बोलायचं काय, हे त्यात कुठंच येत नाही.

आमच्या भागाला तर हा वाद नवा नाही. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानासकट सगळं उर्दूतून शिकवलं जायचं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. वडिलांची पिढी मराठीतून शिकली, मी मराठीतून शिकून इंग्रजीत गेले, आणि २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीलाच आलं. तीन पिढ्यांत माध्यमं बदलली, इयत्ता बदलल्या. माझा धाकटा भाऊ लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. त्याच्या वर्गातली पोरं २००० च्या निर्णयानंतरची, म्हणजे पहिलीपासून इंग्रजी असलेली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांच्यातली बहुतेक जण तीन वाक्यं सलग बोलत नाहीत. पोरं हुशार आहेत. पण गाइडमधलं उत्तर पाठ करून उतरवायचं, एवढंच त्यांच्याकडून बारा-चौदा वर्षं मागितलं गेलं.

'कानावर पडलं की भाषा येते' असं आपल्याकडं पालक ठामपणे सांगतात. कॅनडातल्या शाळांचा अनुभव यावर विचार करायला लावणारा आहे. तिथं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकत होती. ऐकून समजणं उत्तम, पण बोलण्या-लिहिण्यात चुका तशाच राहिलेल्या. मेरिल स्वेन या भाषातज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं की नुसतं ऐकणं पुरत नाही. स्वतः सांगायची वेळ आली की मगच आपल्याला काय सांगता येत नाही हे कळतं, आणि शिकणं तिथून पुढं सरकतं. ध्वनिमुद्रणात हे रोज दिसतं. वहीतली चूक मास्तर लाल शाईनं दाखवतात. स्वतःच्या आवाजात अडखळलेली जागा मात्र पोराला स्वतःलाच ऐकू येते, आणि ते न सांगता पुन्हा मुद्रण करतं. माझ्या वर्गात एकाच गटानं सहा मिनिटांसाठी अकरा वेळा मुद्रण केल्याचं मी पाहिलं आहे. निबंध अकरा वेळा कोण लिहितो?

हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो वैतागला. "अक्का, तुझ्याकडं सोळा पोरं. माझ्या हजेरीपटावर एकशेवीस, त्यातली निम्मी सुगीला रानात. तू तिकडं बसून कसलं पॉडकास्ट सांगायलीस?"

त्याचं खरं होतं. माझ्याकडं बंद खोली आहे, ग्रंथालयातून जुनी वर्तमानपत्रं एका क्लिकवर उघडतात, अभ्यासक्रमात बदल करायची मला मुभा आहे. त्याला विद्यापीठाचा पेपर आहे, आणि त्या पेपरात आवाजाला गुण नाहीत. परदेशातून सल्ले देणाऱ्या माणसानं ही तफावत आधी डोळ्यांसमोर ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी एकच मागणी केली: पंधरा-वीस पोरं, स्वखुशीनं आलेली, आठवड्याला एक तास, पोरांचे फोन. आणि विषय त्यांच्या गावचा.

विषयाचा आग्रह मी का धरला ते सांगते. इंग्लंडात माझे विद्यार्थी बातमी निवडतात ती बहुधा लांबची असते. हवामान परिषद, एखाद्या मोठ्या कंपनीचा निर्णय. वाचून समजून घेतात, नीट मांडतात. पण त्यांना माहीत असतं आणि मला माहीत नसतं, असं त्यात फार थोडं. भावाच्या पोरांची पहिली ध्वनिफीत मी ऐकली ती सोयाबीनवर होती. चार जणांचा गट, सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के, आणि परतीच्या पावसानंतर कापलेल्या मालात ओलावा जास्त. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. पण तोवर गरजवंतानं माल व्यापाऱ्याला देऊन टाकलेला. आडतीवर ओलावा मोजायचं यंत्र कसं लावतात, मूठभर दाणे कुठल्या पोत्यातून घेतात, हे त्या गटातल्या एका पोरानं सांगितलं. व्याकरण मोडकं होतं, पण मी कान देऊन ऐकत होते. विद्यार्थ्याला मास्तरापेक्षा जास्त माहीत असलेला इंग्रजीचा तास मी माझ्या शाळेत कधी पाहिला नव्हता.

त्या ध्वनिफितीत एक वाक्य होतं: 'फार्मर्स आर ऑलवेज चीटेड.' भावानं आणि मी फोनवरून त्याच्यावर काम घेतलं. कोण म्हणतं? कुठल्या बाजारात? कुठल्या आठवड्यात? किती रुपयांनी? पोरानं बाजार समितीचे भाव जमवले, वडिलांकडची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, आणली. वाक्य झालं ते असं: आमच्या बाजारात त्या आठवड्यात मिळालेला भाव हमीभावापेक्षा कमी होता, आणि आम्ही ज्या सहा शेतकऱ्यांशी बोललो त्यांपैकी पाच जणांनी ओलाव्याची अट हे कारण सांगितलं. मला हे पहिल्या वाक्यापेक्षा ताकदीचं वाटलं. पोराला नाही वाटलं. "मॅडम, मग आमचा राग कुठं गेला?" असं त्यानं विचारलं.

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. अकॅडमिक इंग्रजी माणसाला जपून बोलायला लावतं, आणि ज्यांच्या पोटावर बेतलंय त्यांना ते जपून बोलणं भेकडपणासारखं वाटू शकतं. तो चुकत नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं की पट्टीवरचा आकडा समोरच्याला खोडता येत नाही. 'ऑलवेज' खोडता येतं. आणि त्याला मराठीतही एक ध्वनिफीत करायला सांगितली. त्यात राग पुरेपूर आहे. मला दोन्ही हव्यात.

जपून बोलणं ही काही साहेबाची देणगी नाही, हेही मला इथंच लख्ख दिसलं. 'शक्यता आहे', 'असं दिसतं', 'अमुकच्या म्हणण्यानुसार' अशी वाक्यं शिकवताना इंग्लंडात माझे तासच्या तास जातात. आमच्या गावात मांजरा धरणाबद्दल बाई सहज म्हणते, "मांजरेचं पाणी सोडलं म्हणं." त्या एका 'म्हणं'मध्ये सगळं आलं: मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, जबाबदारी सांगणाऱ्याची. "सोडलं असावं" म्हटलं की तो अंदाज झाला. "सोडलं" म्हटलं की ती डोळ्यांनी पाहून आली. भावानं फळ्यावर ही तीन मराठी वाक्यं लिहिली आणि प्रत्येकाखाली इंग्रजी बसवायला सांगितलं. एका तासात पोरं 'मे हॅव' आणि 'इज रिपोर्टेड टू'पर्यंत पोचली. माझ्या वर्गाला तिथं पोचायला पंधरा दिवस लागतात. मराठी पक्की असण्याचा इंग्रजीला फायदा होतो, हे मी तोवर वाक्य म्हणून बोलत होते. आता ते फळ्यावर घडलेलं आहे.

उच्चारांना आम्ही गुण ठेवले नाहीत. इंग्लंडमध्येही मी ठेवत नाही. समजलं की झालं.

अडचणी आल्या. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरावर एका गटानं ध्वनिफीत केली, त्यात पंचनाम्याबद्दल बोलताना एका स्थानिक पुढाऱ्याचं नाव घेतलं गेलं आणि ती फीत वर्गाबाहेर गेली. दोन दिवस भावाला फोन येत होते. मुलींच्या घरच्यांना त्यांचा आवाज कुणाच्याही फोनवर फिरणं नको होतं, आणि त्यांची भीती मला रास्त वाटते. तेव्हापासून फिती वर्गाच्या बाहेर जात नाहीत आणि सत्र संपलं की पुसल्या जातात. आणखी एक गोष्ट दोन्हीकडं सारखीच आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून निबंध कुणी लिहिला हे सांगता येत नाही, आणि पॉडकास्टची संहिताही यंत्र लिहून देतं. म्हणून पूर्ण संहिता लिहायला बंदी: कागदावर फक्त मुद्दे, आणि शेवटची दोन मिनिटं वर्गातून आलेल्या प्रश्नांची. तिथं ज्याचं त्याला बोलावं लागतं.

विद्यापीठानं अंतर्गत मूल्यमापनातले दहा गुण जरी अशा कामाला दिले तरी भावासारख्या शिक्षकांचे हात मोकळे होतील. माझी मागणी एवढीच आहे. त्याला नवी इमारत लागत नाही, भाषा-प्रयोगशाळा लागत नाही. पोरांच्या हातात फोन आहेतच.

यंदा एका गटानं किल्लारी घेतलं. वीस वर्षांची पोरं, त्यांच्या जन्माआधीची गोष्ट. मृतांचा आकडा त्यांना एकीकडं ७,९२८ सापडला, दुसरीकडं ९,७४८. दोन्ही आकडे त्यांनी कुठून आले त्यासकट सांगितले. निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असावा का, यावर अभ्यासकांत झालेली चर्चा त्यांनी 'मे हॅव' लावून मांडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं यांनी माणसं कशी दाबली गेली, ते त्यांना घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. माझी मुलाखत त्यांनी फोनवर मराठीत घेतली. भावाचीही घेतली, तो तेव्हा सात वर्षांचा.

ध्वनिफितीत चौथ्या मिनिटाला एक मुलगी सावकाश इंग्रजीत सांगते: तेव्हा पाचवीत असलेल्या एका बाईंच्या आठवणीप्रमाणे धक्क्याच्या आधी गावातली कुत्री खूप वेळ भुंकत होती. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र कुत्री भुंकल्याचं आठवत नाही. त्याच्या म्हणण्यानुसार सगळं एकदम शांत होतं.