टॅबमध्ये पोळा नसतो

आरोग्य उपकेंद्रात टॅब आला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आता रजिस्टरं जाणार. रजिस्टरं आहेत तिथेच आहेत. चार्जिंगची वायर आखूड असल्याने टॅब त्यांच्या थप्पीवर ठेवला की बोर्डापर्यंत पोचतो, एवढा उपयोग वाढला.

गरोदर बाईची नोंद करायला बसलं की टॅब शेवटच्या पाळीची तारीख विचारतो. बाई सांगते, "तान्ह्या पोळ्याले आली होती जी." आता टॅबच्या कॅलेंडरात तान्हा पोळा नाही. तो दरवर्षी एका तारखेला येतही नाही. २०२४ साली ३ सप्टेंबरला होता, २०२५ साली २३ ऑगस्टला. म्हणून आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात पिठोरी अमावस्या शोधायची, पोळा धरायचा, पुढचा दिवस पाहायचा आणि मग बोट टेकवायचं. टॅब त्यात २८० दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख अशा थाटात देतो, जशी काही पाळणा त्यानेच बांधलाय. घामेजल्या बोटाने महिना एक घर मागे सरकला, तर सातव्यातली बाई क्षणात आठव्यात जाते. सासू पेरांवर मोजते आणि म्हणते, "डब्ब्याले काय समजते?" बहुतेक वेळा सासूचंच बरोबर निघतं. तरी टेप लावून पाहावी. विसाव्या आठवड्यानंतर पोटाच्या उंचीचे सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात. शिवाय टेपला चार्जिंग लागत नाही.

ब्लूटूथचं बीपी यंत्र म्हणजे माहेरची ओढ असलेली सून. आधी ज्या मोबाइलशी जोडलं, तो जवळपास असला की तिकडेच धावतं. त्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, मग टॅबशी जोडा. काही यंत्रं जोडणी झाली की पोटातलं जुनं रीडिंगही ओकून टाकतात, आणि मघाच्या आजोबांचं १६० समोरच्या पोरीच्या नावावर पडतं. म्हणून यंत्रावरचा आकडा आणि टॅबवरचा आकडा, दोन्ही पाहिल्याशिवाय 'सेव्ह' दाबायचं नाही. बाईला आधी पाच मिनिटं टेकून बसवायचं, पट्टा छातीच्या पातळीला घ्यायचा आणि मोजताना तिला बोलू द्यायचं नाही. शेवटचं काम सर्वांत अवघड, कारण शेजारीण सोबत आलेली असते.

मे महिन्याचं तर विचारूच नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेला की टॅबची बॅटरी चार्जिंग घ्यायला नकार देते. तो बिघाड नसतो. तापलेली लिथियम बॅटरी चार्ज केली तर खराब होते, म्हणून टॅब स्वतःच थांबतो. अशा वेळी कोणाची तरी नजर व्हॅक्सिन कॅरियरकडे जातेच: आत चार आइसपॅक, छान गारवा! टॅब त्यात ठेवायचा नाही. झाकण उघडं राहिलं की लसी तापतात, आणि बाहेर काढलेल्या गार टॅबवर माठासारखं पाणी सुटतं, तेही चार्जिंगच्या भोकात. कव्हर काढा, बंद करा, सावलीत फरशीवर ठेवा. तासभर रजिस्टर लिहा. ते उन्हात हँग होत नाही.

राहिली रेंज. ती आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर असते. दिवसभराच्या नोंदी टॅबच्या पोटात साठतात आणि संध्याकाळी टाकीवर चढून सिंक करायच्या. 'प्रलंबित'पुढे शून्य दिसेपर्यंत लॉगआउट नाही, अ‍ॅप काढणं नाही. टाकीखाली बसलेला एखादा हुशार पोट्टा हमखास विचारतो, "बाई, हँग होऊन राह्यला का? द्या इकडं, साफ करून देतो." तो सेटिंगमध्ये जातो, 'क्लिअर डेटा' दाबतो, आणि खरोखर साफ करून देतो.

मग रात्री रजिस्टर उघडून तेवीस बाया पुन्हा भरायच्या. पहिल्या ओळीत आमच्याच अक्षरात लिहिलेलं असतं: तान्हा पोळा.