जैतापूर नेमकं अडलं कुठे?

"आंदोलनवाल्यांनी जैतापूरचा अणुवीज प्रकल्प बुडवला," सुन्या म्हणाला आणि चहा यायच्या आधीच कट्टा तापला.

"जपून बोल. एप्रिल २०११ ला गोळीबारात माणूस गेलाय साखरी नाट्याला," दिल्या म्हणाला. त्याचं आजोळ तिथलं, या विषयावर तो मस्करी खपवून घेत नाही.

"ते वाईटच झालं रे. पण ९,९०० मेगावॅट! १,६५० च्या सहा अणुभट्ट्या. जगातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र झालं असतं माडबनला."

"मग व्हायचं होतं की! जमीन तर कधीच घेतली. पाच गावांची मिळून ९३८ हेक्टर. आता कोण आडवं पडलंय?"

सुन्या घुटमळला. सगळ्या चर्चेतला अवघड प्रश्न हाच, आणि टीव्हीवर तो कोणी विचारत नाही.

भाऊ वीज मंडळातून रिटायर झालेले. एरवी ऐकत बसतात. "सुनील, जैतापूरला बसायची होती तीच ईपीआर जातीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या घरी, फ्लामानव्हिलला, २००७ ला बांधायला घेतली. २०१२ ला वीज द्यायची होती. ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये! खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या वर. मध्येच भट्टीच्या झाकणाच्या पोलादात कार्बन जास्त निघाला. फिनलंडला २००५ ला सुरू केलेली २०२३ ला पुरी झाली. तिथे काय नाट्याच्या लोकांनी मोर्चे काढले?"

"चीनने बांधल्या की दोन, ताइशानला."

"बांधल्या. पहिलीलाच नऊ वर्षं लागली. आणि आपण २०१० ला जिच्याशी करार केला त्या फ्रेंच अरेव्हा कंपनीला भट्ट्यांचा धंदा ईडीएफला, फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीला, विकायची पाळी आली. मग दर काय लावायचा आणि अपघात झालाच तर भट्टी पुरवणाऱ्याला किती धरायचं, यावर घोडं अडलं. आंदोलनाचं आयतं निमित्त मिळालं."

इतकंही नाही. जपानच्या फुकुशिमातल्या अणुअपघातानंतर सव्वा महिन्यात गोळीबार झाला, त्यानंतर प्रकल्प रेटणं कुठल्याच सरकारला सोपं नव्हतं. पण भाऊंना मध्ये तोडायची आमची हिंमत नाही.

"मग आपलीच भट्टी आणा," सुन्याने डाव बदलला. "काक्रापारला ७०० मेगावॅटच्या देशी भट्ट्या चालतायत ना? तारापूरला १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधन अडवलं, मग फ्रान्स, चीन, रशिया करत फिरलो. देशी म्हटलं की ती कटकट तरी कमी."

"देशी असली म्हणून समुद्रात गरम पाणी सोडायचं थांबणारे?" दिल्या उसळला. "माडबनवाल्यांना जमिनीचे पैसे तरी मिळाले. नाट्याच्या मच्छीमाराची जमीनच गेली नाही, तर तो प्रकल्पग्रस्त कसा, म्हणतात. समुद्राचा सातबारा कुठून आणायचा त्याने?"

"त्याचं पॅकेज वेगळं करता येईल."

"करा आधी. कागदावर. मग बोल भट्टीचं."

सुन्याने तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी बिल त्याच्याकडे सरकवलं.