पिशवीला भुंकू देऊ नका

गेल्या आठवड्यात थ्री टियरमध्ये, कर्जत सुटल्यावर, बर्थखालची एक ट्रॅव्हल बॅग भुंकली. चारदा. बॅगेचे मालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले, जणू बॅग शेजारच्यांची. मालकीणबाईंनी मोठ्यांदा खोकून बघितलं. खोकला बरा जमला होता, पण बॅगेचा आवाज त्याहून खणखणीत निघाला. एवढ्या हौसेने लेकराला घेऊन निघालेल्यांची अशी फजिती होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी, नियम वाचू नका. पाच मिनिटांत वाचून होतात, मग प्रवासात थरार काय राहिला? कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कुपे, म्हणजे दोन बर्थ, नाहीतर अख्खी केबिन, म्हणजे चार बर्थ, आपल्याकडे हवी. ते जमत नसेल तर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. टू टियर, थ्री टियर, चेअर कार, स्लीपर, जनरल यांत नाही. संपलं. त्यापेक्षा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा. कुणाच्या तरी साडूचा पामेरियन थ्री टियरमधून नागपूरला जाऊन आलेला असतोच, आणि ‘टीसी काही बोलला नाही’ हा तिथला जीआर असतो.

फर्स्ट एसीचं काढायचंच ठरलं, तर एकच तिकीट काढा. कुपेला दोन लागतात, तीही एकाच पीएनआरवर, पण कुत्रा काय, मांडीवर बसतो. नेटवरून तिकीट निघालं तरी कुपे मिळाला की केबिन, हे चार्ट लागल्यावर कळतं. म्हणून लोक आधीच रेल्वेच्या कमर्शियल विभागात अर्ज देतात: पीएनआर, गाडी, तारीख, सोबत कुत्रा आहे, कुपे मिळावा. पोच घेतात. तुम्ही या भानगडीत पडू नका. चार्टमध्ये केबिन लागली आणि समोरच्या बर्थवर दम्याच्या आजीबाई आल्या, की टीसीला एवढंच सांगा, ‘तो चावत नाही हो.’

मुंबई-पुण्याला डेक्कन क्वीनची केबिन मागा. त्या गाडीला केबिनच नाही, हे खिडकीवरच्या माणसाला दोनदा सांगायला लावा.

कुत्रा बुक करायला पार्सल ऑफिसात गाडी सुटायला वीस मिनिटं उरली की पोचा. भित्री माणसं तीन तास आधी जातात, कारण डॉग बॉक्स मोजकेच असतात आणि आधी येईल त्याचा नंबर. दुसऱ्या कुणाचा जर्मन शेफर्ड बुक झाला, की तुमचं लेकरू फलाटावर. कागद लागतात ते असे: रेबीजची लस वेळेवर टोचल्याची नोंद असलेली वही, जनावरांच्या डॉक्टरचा फिटनेस दाखला, प्रवासाच्या २४ ते ४८ तास आधीचा, त्यावर जात, रंग, नर की मादी आणि शिक्का, शिवाय तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स. तुम्ही गेल्या दिवाळीतला दाखला न्या. आणि पैशांवरून वाद जरूर घाला. डॉग बॉक्सला ३० किलोंचं लगेज भाडं लावतात, फर्स्ट एसीत ६० किलोंचं, कुत्रा कितीही भरो. काट्यावर तुमचा चिहुआहुआ दोन किलो भरतो, हे बाबूला पटवून देता देता गाडी निघून जाईल, पण तत्त्व महत्त्वाचं.

निघण्याआधी तासाभरात कुत्र्याला मटण-भात पोटभर घाला. घाटात तो परत करील.

मांजराला पिंजरा कशाला? ओढणीत गुंडाळा.

थंडी वाजू नये म्हणून त्याच्यावर रेल्वेचं ब्लँकेट टाका. चादरी दर फेरीला धुतात, ब्लँकेटं नाही. म्हणजे तुमच्या लाडक्याचे केस पुढचे कित्येक प्रवासी नाकातोंडात घेऊन फिरतील.

तोंडाला मुसकं कापडी, घट्ट बसणारं घ्या. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं मिळतं, त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. पण फोटोत ते बरं दिसत नाही.

भुंकूच नये म्हणून झोपेची गोळी. हा सल्ला तर दुकानदारही देतो. अर्धी माणसांची, पेढ्यात घालून. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळणं जमेनासं होतं, आणि पग, शित्झू असली चपट्या नाकाची कुत्री तर जागेपणीही श्वासासाठी झगडत असतात. त्यांना गुंगवून चेन लावलेल्या बॅगेत कोंबायचं आणि वर बर्थवर बसून म्हणायचं, ‘बघा किती शहाण्यासारखा झोपलाय.’ झोपलाय की गेलाय, हे एकदा चेन उघडून बघायला काय होतं?

असो. डॉग बॉक्सकडे वळू. सोय उत्तम आहे. तुम्ही एसीत, तो गाडीच्या शेपटाला. बॉक्स म्हणजे गार्डच्या डब्यातलं पत्र्याचं कपाट, जाळीचं दार, वळायला जेमतेम जागा. एलएचबीच्या, म्हणजे नव्या धाटणीच्या डब्यांच्या, पुष्कळ गाड्यांत गार्डचा डबा आणि पॉवर कार एकच, म्हणजे शेजारी जनरेटर. मे महिन्यात भुसावळ-अकोल्याच्या पट्ट्यात दुपारी तो पत्रा हाताला चटका देतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी मदार जिभेवर. धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि प्रत्येक धापेला पाणी खर्च होतं. एरवी अंग ३८ ते ३९ अंशांवर असतं. ४१ च्या वर गेलं की उष्माघात, मग झटके, आणि मग काही नाही. पाणी कोण पाजणार? गार्ड नाही. नियमाने ते मालकाचं काम. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. तुमचा डबा मधे असला तर जायला पाव किलोमीटर, यायला पाव, आणि थांबा पाच मिनिटांचा. म्हणून दहा-पंधरा मिनिटं कुठे थांबते ते टाइमटेबलात बघून ठेवायचं असतं, निघतानाच गार्डला भेटून कुठे-कुठे येणार ते सांगायचं असतं, उन्हाळ्यात रात्रीची गाडी धरायची असते. पाणी जाळीला अडकवता येईल अशा खोल वाटीत, दर वेळी अर्धीच वाटी, कारण गाडी हलली की उरलेलं सांडतं. जिथे इंजिन उलट्या टोकाला लागतं तिथे गार्ड आधीच्या इंजिनाच्या टोकाला जातो, तेव्हा डॉग बॉक्सची किल्ली कुणाकडे राहिली हे उतरून विचारायचं असतं. उतरता तुम्ही? उतरता ना, वडापाव घ्यायला. फलाटावर उभं राहून दोन खाता, तिसरा बांधून घेता, आणि त्या टोकाला तुमचाच कुत्रा जाळीला नाक लावून प्रत्येक पावलाचा आवाज ऐकत असतो.

अजून एक युक्ती राहिली. ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं लाल जॅकेट ऑनलाइन मिळतं, ते लॅब्राडॉरला चढवा. जॅकेट दाखवून थ्री टियरमध्ये कुत्रा नेण्याची सोय नियमात नाही, पण टीसीला इंग्रजी ऐकवलं की तो गोंधळतो. उद्या एखादा अंध माणूस खरोखर शिकवलेला कुत्रा घेऊन फलाटावर उभा राहील, तेव्हा तोच टीसी त्याला तुमच्यासारखाच लबाड समजेल. त्याचं तुम्हाला काय?

पुरे झाली थट्टा. रेल्वेचे नियम कंजूष आहेत, डॉग बॉक्स हे कुत्रा ठेवायचं ठिकाणच नव्हे, कुपेसाठी हातापाया पडावं लागतं, सगळं कबूल. त्यावर तक्रारी करा, मीही सही करतो. पण दोन बर्थचे पैसे नाहीत, तीन तास आधी जायला वेळ नाही, स्टेशनला उतरून पाणी पाजायचा कंटाळा आहे, तर त्याला घरी ठेवा. बहिणीकडे ठेवा, शेजाऱ्यांकडे ठेवा, पैसे देऊन बोर्डिंगमध्ये ठेवा. न्यायचाच असेल तर गाडी भाड्याने करा आणि दर दोन तासांनी थांबवा. पकडले गेलात तर लगेजच्या सहापट भराल आणि शेजाऱ्याकडे बघून हसाल, ते माहीत आहे. बॅगेतला मात्र चार तास एकाच कुशीवर आहे, मुतायचं दाबून धरून.

काय बघताय? आधी ती चेन उघडा.