लंडनचा निर्माता आणि पारोळ्याचा प्लॉट

पारोळ्या-चोपड्याच्या हुशार पोराने पुण्याला आयटीत जायचं, हे आता जुनं झालं. तुम्ही थेट लंडनला जा आणि स्वतंत्र सिनेनिर्माते व्हा. पगार देणारं कुणी नसतं, तेवढं घरी सांगू नका.

भांडवलासाठी आबांचा पारोळ्याचा प्लॉट विकायचा; त्यासाठी त्यांना दादासाहेब फाळक्यांचा दाखला द्या. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. गोष्टीतल्या हरिश्चंद्राने शेवटी बायको-पोर विकलं, हे आबांना आठवायच्या आत प्लॉटचं खरेदीखत उरका. बदल्यात आबांना ‘एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर’ करा. गावात पाटी लागते, पैसे लंडनला जातात.

निर्माता म्हणजे सेटवर पांढरे बूट घालून बसणारा, ही भाऊबंदांची समजूत मोडू नका. खरं काम कागदांचं. कथा कोणाची, हक्क कोणी कोणाला विकले, याची सलग साखळी दाखवल्याशिवाय विमा कंपनी दारात उभं करत नाही आणि वितरक फोन उचलत नाही. याला तिकडे ‘चेन ऑफ टायटल’ म्हणतात. सातबाऱ्यावर सात नावं आणि आठव्या चुलत्याची हरकत बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग सहनिर्मिती. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली या सगळ्यांशी भारताचे करार आहेत. पिच्चर करारात बसला की दोन्हीकडे घरचा मानला जातो आणि दोन्हीकडच्या सवलती मागता येतात. दोन्ही घरच्या पाहुण्याचं काय होतं, ते तुमच्या आजीला विचारा.

सवलतींचे आकडे मात्र तोंडपाठ ठेवा. माल्टा तिथे केलेल्या खर्चाचे ४० टक्क्यांपर्यंत परत देतं. भारतानेही २०२३ मध्ये इथे येऊन चित्रीकरण करणाऱ्या परदेशी पिच्चरांसाठी ४० टक्के जाहीर केले, मर्यादा ३० कोटी. फक्त हे पैसे खर्च झाल्यावर, हिशेब तपासल्यावर मिळतात. तोवर त्याच रकमेवर बँकेकडून कर्ज घ्यायचं. व्याज तुमचं.

मे महिन्यात भुसावळ पंचेचाळीसला टेकलेलं असताना तुम्ही फ्रान्समध्ये, कान शहरातल्या चित्रपट महोत्सवाला समुद्रकिनारी असाल. वर लाल गालिचा, खाली तळघरात चित्रपटांचा बाजार. तो १९५९ पासून भरतो. काम तळघरात असतं, फोटो गालिच्याजवळ काढा. विक्री एजंट हसून हात मिळवेल. पिच्चर विकला गेला की आधी वितरकाचं कमिशन, मग एजंटचं कमिशन, मग त्याचा बाजारातला खर्च (त्यात त्याचं हॉटेलही आलं), मग बँक, मग गुंतवणूकदार, आणि काही उरलंच तर तुम्ही. तुमचं मानधन तर तुम्ही आधीच ‘नंतर घेईन’ म्हणून सोडून दिलेलं असतं. नाहीतर बजेट जमलंच नसतं.

मुलीकडच्यांनी पगार विचारला तर बजेट सांगा. “पंधरा कोटींचं काम चालू आहे” यात खोटं काहीच नाही. गावातून “तुना पिच्चर कव्हय येई रे भो?” असा फोन आला की ‘ओटीटीशी बोलणं चालू आहे’ म्हणा. हे उत्तर चार वर्षं टिकतं.

गुंतवणूकदार पहिल्याचा हिशेब मागायच्या आत दुसरा पिच्चर जाहीर करा. कथा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली घ्या. तापीचा काठ, धूळ, एक उदास म्हातारा, संवाद जवळजवळ नाहीत; युरोपातल्या निवड समित्यांना असलं फार आवडतं. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी आबांनाच विचारा. प्लॉट गेल्यापासून त्यांना अभिनय करावा लागणार नाही.